खोपोलीतली भरती-ओहोटी

खोपोलीला समुद्र नाही. जवळात जवळची खाडी म्हणजे पेणच्या पुढे, टेंपोत हाडं मोजत जायचं. तरीही चौऱ्याऐंशी सालच्या दसऱ्यानंतर पुरते तीन महिने आमच्या शेडच्या मागं रोज दोनदा ओहोटी लागायची आणि दोनदा भरती यायची. ती शेडमधला वयस्कर गडी चांगो आणायचा. सकाळी आठला सिमेंटच्या टाकीतलं खारं पाणी बादलीनं उपसून शेजारच्या पिंपांत भरायचं, अकराला ते परत टाकीत. दोनला पुन्हा उपसायचं, पाचला पुन्हा ओतायचं. रविवारी समुद्राला सुट्टी. संकष्टीला चांगोचा उपास, त्या दिवशी भरती जरा उथळ यायची.

मी त्या शेडचा स्टोअरकीपर. कोणी काय नेलं, किती नेलं, कशासाठी नेलं हे वहीत लिहिणं माझं काम. सांगून काय नेलं आणि केलं काय, हे न लिहिता लक्षात ठेवणं ही माझी खोड. शेडमध्ये फायबरचा माल निघायचा: पाण्याच्या टाक्या, पंपांवरची झाकणं, पन्हाळी. काचेच्या धाग्याचं कापड अंथरायचं, त्याला ब्रशनं रेझिन पाजायचं, वाळलं की दगड. कापड कापायला गोदा होती. काचेची कुसं टोचून हाताला खाज सुटते, म्हणून ती कोपरापर्यंत खोबरेल चोपडायची आणि दिवसभर कुणाला ना कुणाला टोमणे मारायची. खाज कुठून तरी बाहेर पडायला हवीच.

समुद्र आणायची कल्पना चंदरची. चंदर खालापूरकडचा, तिशीला टेकलेला, मुंबईच्या गोदीत चार वर्षं जहाजदुरुस्ती करून आलेला. तिथं त्यानं पाहिलं होतं की खाऱ्या पाण्यात उभा असलेला लोखंडी खांब तळाशी फारसा कुजत नाही. कुजतो मधल्या पट्ट्यात, जो भरतीत बुडतो आणि ओहोटीत उघडा पडतो. त्या पट्ट्याला रेझिनमध्ये भिजवलेलं काचेचं कापड चार-पाच वेढे गुंडाळायचं, एवढंच त्याचं म्हणणं. रंग लाव की, असं कोणी म्हटलं की तो चिडायचा. रंग म्हणजे नुसतं पांघरूण, हे हाड हाय, म्हणायचा. खांबाची जेवढी जाडी गंजानं खाल्ली, तेवढा भार हे कापड उचलेल.

शेडमध्ये त्याचं नाव पडलं लोखंडाला लुगडं नेसवणारा. गोदा विचारायची, सहावारी की नऊवारी?

खाडीवरच्या एका जेट्टीचे बेचाळीस खांब असेच कुजत होते. जेट्टीच्या साहेबांना चंदरनं गाठलं, कसं ते त्यालाच ठाऊक, आणि साहेबांनी अट घातली. आम्ही पाच पाइप पाठवू, त्यांवर आमचे नंबर ठोकलेले असतील. गुंडाळा, तीन महिने खाऱ्या पाण्यात ठेवा, मग मी स्वतः येऊन ओढून बघेन. कापडानं लोखंड सोडलं नाही, तर खांब तुमचे.

ही तिसरी खेप होती. पहिल्या खेपेला रेझिन बादलीतच तापून उकळलं. दुसऱ्या खेपेला कापडाखाली हवेचे फुगे राहिले. मालकांनी सांगून टाकलं होतं की तिसऱ्यांदा फसलं तर चंदरनं आयुष्यभर टाक्याच कराव्यात आणि खांबांचं नाव काढू नये. चंदर हे ऐकून घेत असे, पण त्याला टाक्या करायच्या नव्हत्या. आमच्यातला तो एकटाच असा होता की ज्याला शेडबाहेरचं काहीतरी उभं राहिलेलं बघायचं होतं.

आता दसऱ्याचं. लोखंडावर कापड धरायचं तर लोखंड कोरं हवं. वाळूचा जोरदार मारा करून त्याची सगळी कातडी सोलायची, तेव्हा ते करडं, खरखरीत होतं. वाळू मारायचा कॉम्प्रेसर भाड्यानं आला तो दसऱ्याआधी चार दिवस, एका दिवसापुरता. चंदरनं साहेबांचे पाच आणि आपला एक जास्तीचा, असे सहा पाइप सोलून घेतले. पण कापडाचा ताका संपत आला होता. उरलेल्या तुकड्यात एकच पाइप झाला, तो जास्तीचा. नवा ताका दसऱ्यानंतर यायचा होता. बाकीचे पाच पाइप गंजू नयेत म्हणून चंदरनं माझी जुनी पत्र्याची पेटी मागून घेतली, तळाला ओल शोषणारी चुनकळी अंथरली, पाइप आत ठेवले, वरून सुतळी आवळली, आणि चार दिवसांची रजा टाकली.

रजा आईसाठी होती. छप्पन साली दीक्षा झाली तेव्हा चंदर अंगावर पीत होता, म्हणून भीमाबाईला नागपूरला जाता आलं नव्हतं. त्यानंतर दर दसऱ्याला ती पुढच्या वर्षी म्हणायची. त्या वर्षी चंदरनं तिला न विचारताच तिकिटं काढली. जाताना त्यानं सगळ्यांना बजावलं, पेटीला हात लावू नका. सगळे हो म्हणाले. आमच्या शेडमध्ये हो म्हणायला कोणालाच कधी जड गेलं नाही.

तो परतला, नवा ताका आला, आणि त्यानं एका दिवसात पाचही पाइप गुंडाळले. कोरेपणाची एक सोपी पारख आहे. लोखंडावर पाण्याचा थेंब टाकायचा. पसरला तर लोखंड कोरं, मोत्यासारखा गोळा होऊन बसला तर कुठंतरी तेलकट. माझ्या वहीत त्यासाठी चंदरनंच एक रकाना आखून दिला होता. मी विचारलं, थेंब टाकलास? तो म्हणाला, पेटी मीच बांधली होती, मारा बरोबरची खूण, रेझिन घट्ट व्हायला लागलंय. मी पाच खुणा मारल्या. माझं अक्षर चांगलं आहे, खुणाही ठसठशीत आल्या.

मग सुरू झाली ती भरती-ओहोटी.

जानेवारीत साहेब जीपनं आले. बरोबर एक सहायक आणि वजनाचा मोठा ताणकाटा. शेडमधले सगळे कामं टाकून टाकीभोवती जमले. पहिला पाइप बाहेर काढला. दिसायला देखणा, मधाच्या रंगाचा, कुठं डाग नाही. चंदर पुढं होऊन ताणकाटा कुठं अडकवायचा ते सांगणार, एवढ्यात साहेबांनी सहज खिशातला चाकू काढून कापडाच्या कडेला लावला. कड उचलली गेली. साहेबांनी चाकू खिशात ठेवला आणि बोटांनी धरून ओढलं. शेंगेचं टरफल निघावं तसं सगळं आवरण अखंड निघून त्यांच्या हातात आलं. आत नारिंगी गंज.

दुसरा तसाच. तिसरा तसाच. चौथ्याला साहेबांनी हात लावला नाही, सहायकाला खूण केली. पाचवा चंदरनंच ओढला.

मग तो सहावा, जास्तीचा पाइप घेऊन आला. तोही त्याच टाकीत, त्याच पाण्यात, तेवढेच दिवस होता, जेमतेम आठवडा जास्त. त्याला चाकू लागेना. ताणकाट्यानं ओढला तेव्हा कापडाचे वरचे पदर फाटले, पण लोखंडाला चिकटलेलं निघालं नाही. साहेबांनी तो फिरवून पाहिला आणि विचारलं, यावर आमचा नंबर कुठाय? नंबर नव्हताच. मग हा मोजता येणार नाही, असं म्हणून ते गेले.

पुढचे पंधरा दिवस चंदर शेडमध्ये असा वावरला की त्याच्या वाटेतून मांजरसुद्धा बाजूला व्हायचं. रेझिन घट्ट करणाऱ्या हार्डनरच्या डब्यावरची तारीख त्यानं चार वेळा वाचली. खाडीचं पाणी बाटलीत घालून उजेडात धरलं. नव्या ताक्याचा वास घेतला. पाच कारणं रोज काढायचा आणि पाचही रोज खोडायचा. एका दुपारी त्याची नजर गोदाच्या हातांवर गेली.

"हे खोबरेल," तो म्हणाला. "तुज्या हाताचं तेल कापडाला लागतंय. तूच घालवलंस."

गोदानं कात्री खाली ठेवली. टोमणा येणार म्हणून आम्ही वाट बघत होतो, तो आला नाही.

"सहाव्या पाइपाचं कापड कुणी कापलं रं?" ती म्हणाली. "ते पण माज्याच हातचं हाय. तेच हात, तेच तेल. त्यो कसा धरला?"

चंदर आपल्या बाकड्याकडं वळला. माफीही मागितली नाही. पण ती बोलली ते माझ्या डोक्यात रुतून बसलं. रेझिन तेच, हात तेच, पाणी तेच. कापडाचा ताका नवा, पण चंदरनं मधल्या काळात त्यातलंच कापड दुसऱ्या लोखंडावर लावून पाहिलं होतं आणि ते धरलं होतं. मग सहावा आणि बाकीचे पाच यांत फरक तो काय? मधले सात दिवस. आणि मधले दिवस माझ्याकडे वहीत होते.

दसऱ्याच्या आदल्या दिवसाचं पान काढलं. झेंडूची फुलं स्टोअरातून जात नाहीत, ती नव्हती. चिंध्या, अर्धा किलो, चांगो. गोडं तेल, एक वाटी, चांगो, कारण: पूजा. त्याखाली, वेगळ्या ओळीवर, रॉकेल, अर्धा लिटर, चांगो, कारण: धुणे. हे सगळं माझ्याच अक्षरात होतं, आणि पूजेला रॉकेल कशाला लागतं, हे मला त्या दिवशी सुचलं नव्हतं. प्रसादाचा पेढा खाऊन मी घरी गेलो होतो.

चांगो टाकीपाशी बसला होता. टाकी रिकामी होती, तरी दोन वाजले की त्याला तिथं गेल्याशिवाय करमत नसे. मी वही पुढं धरली. त्याला वाचता येत नव्हतं, पण पान कोणतं ते त्यानं ओळखलं.

त्यानं सांगितलं ते असं. खंडेनवमीला शेडमधलं झाडून सगळं लोखंड धुऊन पुसून तेल-कुंकू लावायची रीत. करवत झाली, ड्रिल झालं, वजनकाटा झाला, माझं स्टेपलरसुद्धा झालं. राहिलं ते पेटीतलं. चंदरचं लोखंड एकटं उपाशी राहिलं तर बरं दिसेना. त्याच्या कामाला यश यावं असं चांगोला मनापासून वाटत होतं. म्हणून त्यानं सुतळी सोडली, पाचही पाइपांना तेलाचं बोट फिरवलं, कुंकू लावलं, हात जोडले. मग त्याच्या लक्षात आलं की चंदर परत येईल आणि कुंकू बघेल. तो बौद्ध. त्याच्या लोखंडाला त्याला न विचारता कुंकू लावलं, हे त्याच्या मनाला लागेल. म्हणून चांगोनं रॉकेलच्या चिंधीनं एकेक पाइप पुसून काढला, लख्ख केला, चुनकळीवर परत ठेवला आणि होती तशी गाठ मारली.

"विचारायचंस की आधी," मी म्हटलं.

"कसं विचारू भाऊ? तो नाय म्हनला असता, मंग माझ्यानं तो दिवस पाळवला नसता. आन् हो म्हनला असता तर माझ्यासाटी म्हनला असता. तेबी बरं नाय." मग रिकाम्या टाकीकडं बघत, "रॉकेलनं तर लोखंड साफच व्हतं ना?"

सायकलच्या चेनपासून शिवणयंत्राच्या चाकापर्यंत आमच्याकडे सगळं रॉकेलनंच साफ होतं. रॉकेल उडून जातं, वासही दोन दिवसांत जातो, आणि जाताना एक न दिसणारा तेलकट पापुद्रा ठेवून जातं. लोखंडाच्या त्या खरखरीत खड्ड्यांत तो मुरून बसला होता.

चंदरला मी सांगतो असं मी म्हणालो. चांगो नाही म्हणाला. तो उठला, हात धोतराला पुसले आणि स्वतः गेला. मी मागोमाग. चंदर टाकीचं झाकण घासत होता. त्यानं सगळं ऐकलं, घासणं न थांबवता. मला वाटलं होतं तो ओरडेल. ओरडला असता तर चांगोला सोपं गेलं असतं.

"कुंकू तसंच ठेवलं असतंस," चंदर म्हणाला, "तर मला दिसलं असतं. कॉम्प्रेसर आणून मी परत वाळू मारली असती. दोन तासांचं काम व्हतं, चांगोकाका."

चांगोनं पुन्हा हात धोतराला पुसले.

"तू माझ्यापासून लपवलंस ना, तेवढंच नडलं."

मग तो माझ्याकडे वळला. मी वही पाठीमागं धरली होती, आणि ते त्याला दिसलं. थेंब मी टाकला नव्हता, तो म्हणाला, खूण तुमची, पण बोललो मी. मला त्यात सुटका वाटायला हवी होती. वाटली नाही.

मालकांनी हे ऐकलं आणि हात जोडले. साहेबांना हार्डनर खराब निघाला असं कळवा, म्हणाले, धंद्यात पूजेबिजेची कारणं सांगू नयेत, हसतात लोक. चंदर म्हणाला, हार्डनर चांगला होता, मी त्याच्यावर ढकलणार नाही. मालक म्हणाले, मग ज्याला जायचं त्यानं रजा टाकून जावं.

साहेब महिन्यातून एकदा खालापूरच्या डाकबंगल्यावर उतरत. आम्ही तिघे एसटीनं गेलो: चंदर, मी वहीसकट, आणि चांगो, ज्याला कोणी बोलावलं नव्हतं. चांगोनं धुतलेलं धोतर नेसलं होतं. साहेबांनी आम्हाला व्हरांड्यात बसवलं, सगळं ऐकून घेतलं, माझी वही पाहिली. रॉकेलच्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं, तेव्हा चांगोनं मान खाली घातली. साहेब हसले नाहीत, हे त्यांच्याबद्दल लिहून ठेवण्यासारखं आहे.

"तुम्ही खरं सांगितलंत ते बरं केलंत," ते म्हणाले. "पण त्यानं माझं नाही म्हणणं सोपं झालं. आमच्या जेट्टीवर दसरा नसतो का? क्रेनवाला तेल लावतो, होडीवाला लावतो, हळदीकुंकवाशिवाय एक साखळी राहत नाही. शिवाय डिझेलच्या होड्या, पाण्यावर सदा तवंग. अर्ध्या लिटर रॉकेलनं जे सुटतं, ते मी खांबाला कसं बांधू?"

चंदरकडे उत्तर होतं: थेंब टाकला असता तर कळलं असतं. पण तो टाकला नव्हता, आणि ते माझ्या वहीत टाकला म्हणून लिहिलेलं होतं. हीच वही आम्ही पुरावा म्हणून आणली होती.

बेचाळीसातले अडतीस खांब काँक्रीटच्या वेढ्यात घालायचं ठरून गेलं होतं. टोकाचे चार पुढच्या वर्षावर ढकलले होते. उठता उठता साहेब म्हणाले, करायचेच असतील तर परत पाच पाइप करा. या वेळी आधी त्यांना तेल लावा, दसरा करतात तसं सगळं करा, आणि मग साफ करून गुंडाळा. ते टिकलं तर त्या चारांचं बोलू. तोवर मी इथं असलो तर.

एसटी स्टँडवर चांगोनं तिघांसाठी चहा सांगितला. चंदरनं तो प्यायला. तेवढंच.

मालकांनी वेळ द्यायला नकार दिला, म्हणून चंदर जेवणाच्या सुट्टीत काम करायचा, कॉम्प्रेसरचं भाडंही पदरचं भरायचा. पाइप मिळायला पावसाळा गेला. साफ करायला त्यानं काय काय वापरून पाहिलं त्याची यादी माझ्या वहीच्या मागच्या पानावर आहे: सोडा, साबण, थिनर, पुन्हा वाळू, वाळूनंतर थिनर, थिनरनंतर वाळू. वाळू आधी मारली तर ती तेल आतच ठोकून बसवते, हे कळायला महिना गेला. गोदा आता कापड कापताना हातमोजे घालायची. कोणी सांगितलं नव्हतं. मोज्यात हात आणखी खाजतो, हे मात्र ती सगळ्यांना सांगायची, आणि चंदर जवळ असला की जरा मोठ्यानं. तो ऐकून घ्यायचा.

पंच्याऐंशीची खंडेनवमी आली. या वेळी चंदर रजेवर नव्हता. चांगोनं करवतीला, ड्रिलला, माझ्या स्टेपलरला कुंकू लावलं आणि ताट घेऊन चंदरच्या बाकड्यापासून चार हात लांब उभा राहिला. चंदरनं पाच पाइप ओळीनं मांडले.

"लाव," तो म्हणाला. "तेल लाव. कुंकू लाव. मंग रॉकेलनं पुस, गेल्या वर्षी पुसलंस तसंच. काय कमी करू नको."

चांगोनं पहिलं बोट अगदी हलकं टेकवलं. गोदा म्हणाली, आता तरी नीट लाव की, नवरी पळून जाणार हाय का? चांगोनं पाचही पाइपांना बोट लावलं, हात जोडले, आणि मग चिंधी घेतली. चंदर बाजूला उभा राहून बघत होता. त्यानं हात जोडले नाहीत आणि नजरही वळवली नाही.

जेवणाच्या सुट्टीत साफ करणं सुरू झालं. थिनर, वाळू, थिनर. मी वही उघडून पाण्याची वाटी घेऊन बसलो. या वेळी थेंब मीच टाकायचा, असं ठरलं होतं. पहिला थेंब टाकला. मोत्यासारखा गोळा होऊन बसला. पुन्हा. दुसरा तसाच. चौथ्या खेपेला चंदरनं चिंधी भिंतीवर फेकली आणि स्वतःच जाऊन उचलून आणली. भोंगा वाजला, मालक दारात येऊन उभे राहिले आणि परत गेले.

सातव्या खेपेला थेंब अर्धा पसरला आणि अर्धा थांबला. मी वर पाहिलं. चांगो, गोदा, सगळे माझ्याकडे बघत होते. अर्धा पसरलेला थेंब पसरला म्हणता आला असता. माझं पेन रकान्यावर होतं.

"लिवा भाऊ," चंदर म्हणाला. "नाय लिवा."

मी नाही असं लिहिलं. चंदरनं नवी चिंधी मागितली, आणि ती दिल्याचीही मी नोंद केली.